गिरणीची खिडकी घराला लावताना

घर बांधताना किंवा जुन्या घराचे रूप पालटताना हल्ली एक मागणी वारंवार ऐकू येते. दिवाणखान्याला जमिनीपासून थेट वरपर्यंत जाणारी, काळ्या लोखंडी पट्ट्यांनी चौकोन पाडलेली मोठी काचेची खिडकी हवी. जुन्या कारखान्यांत असे तशी. ही खिडकी दिसायला सुरेख असते, याबद्दल आमचा वाद नाही. परंतु खिडकी ही नुसती पाहण्याची वस्तू नव्हे. उजेड, वारा, ऊन आणि पाऊस यांतले काय आत घ्यायचे व काय बाहेर ठेवायचे, हे ठरवणारे ते एक साधन आहे. साधन म्हणून तिची परीक्षा केली तर काय दिसते, ते येथे पाहू. शाळेत शिकवतो त्या भूगोलापलीकडचे आणि त्रिकोणमितीपलीकडचे काही त्यासाठी लागत नाही.

प्रथम हे विचारू या की, कारखान्यात ती खिडकी अशी का होती? विजेचा दिवा स्वस्त होण्याआधी कामगाराला धागा दिसायचा तो सूर्याच्याच उजेडात. म्हणून काच भरपूर हवी. मोठी तावदाने महाग पडत आणि एखादे फुटले की सारेच बदलावे लागे. म्हणून लहान लहान तावदाने. लाकडापेक्षा पोलाद बळकट, म्हणून पट्ट्या बारीक ठेवता येत आणि काचेला जागा जास्त मिळे. वर साठणारी गरम हवा बाहेर जावी म्हणून मधली किंवा वरची काही तावदाने फिरती असत. आज शोभेची वाटणारी प्रत्येक रेघ अशी गरजेतून आलेली आहे.

यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट मात्र छायाचित्रात दिसत नाही. ती म्हणजे दिशा. मुंबईच्या गिरण्यांतील विणकामाच्या शेडचे छप्पर करवतीच्या दातांसारखे असे. प्रत्येक दाताची उभी बाजू काचेची आणि ती उत्तरेकडे तोंड केलेली. उतरती बाजू बंद. उत्तरेकडून आकाशाचा शांत, एकसारखा उजेड मिळतो, थेट ऊन फारसे येत नाही. मुंबईच्या अक्षांशावर मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत सूर्य माध्यान्ही डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो खरा, पण त्यातला बराच काळ ढगांचा. कापड विणणाऱ्याला उजेड हवा होता, ऊन नको होते. ही साधी बाब गिरणी बांधणाऱ्याला ठाऊक होती. तिची खिडकी उचलून पश्चिमेच्या दिवाणखान्याला लावणाऱ्याला ती ठाऊक असतेच असे नाही.

कारखान्याची खिडकी घराला मुळीच शोभत नाही, असे आम्ही म्हणत नाही. अमेरिकेत लॉस एंजेलिसजवळ चार्ल्स आणि रे ईम्स या दांपत्याने १९४९ मध्ये बांधलेले स्वतःचे घर याचा उत्तम दाखला आहे. कारखान्यात तयार मिळणाऱ्या पोलादी चौकटी व खिडक्या वापरून ते उभे केले गेले. मात्र त्याची जागा पाहा. पश्चिमेला टेकडीचा उतार आणि तो अडवणारी सुमारे आठ फूट उंच काँक्रीटची भिंत. काचेची लांब बाजू पूर्वेला, आणि तिच्यापुढे निलगिरीच्या उंच झाडांची रांग. सकाळचे ऊन पानांतून गाळून येते. शिवाय हवा समुद्रकाठची सौम्य. घराची कीर्ती चौकटींमुळे झाली, पण त्यात राहणे सुसह्य करण्यात टेकडीचा आणि झाडांचा वाटा मोठा आहे.

उलट उदाहरण पॅरिसचे. विख्यात वास्तुकार ल कॉर्बुझिए यांनी साल्व्हेशन आर्मीसाठी बांधलेले निवारागृह १९३३ मध्ये उघडले. दक्षिणेला सुमारे १००० चौरस मीटरची काचेची भिंत, आणि तीत एकही खिडकी उघडणारी नाही. हवा थंड करणारी यंत्रणा पैशाअभावी बसवलीच गेली नाही. उन्हाळ्यात आतल्या माणसांचे फार हाल झाले. पुढे काचेत उघडणाऱ्या खिडक्या बसवाव्या लागल्या आणि दुसऱ्या महायुद्धानंतर बाहेरून ऊन अडवणारे पडदे बांधावे लागले. त्याच कॉर्बुझिए यांनी १९५४ मध्ये अहमदाबादेत गिरणीमालकांच्या संघटनेची इमारत उभारली. तिच्या पश्चिमेकडील दर्शनी बाजूला काँक्रीटच्या उभ्या फळ्या तिरप्या लावलेल्या आहेत, ऊन अडावे आणि वारा यावा अशा बेताने. दक्षिणोत्तर भिंती जवळजवळ बंद. गिरणीमालकांनी स्वतःच्या कचेरीला कारखान्याच्या काचा लावून घेतल्या नाहीत, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

आता आपल्याकडचा हिशेब करू. पुण्याचा अक्षांश सुमारे १८.५ अंश. एप्रिलच्या मध्याला दुपारी सूर्य क्षितिजापासून ८१ अंशांवर असतो. दक्षिणेच्या खिडकीवर ६० सेंटिमीटरचा, म्हणजे दोन फुटी छज्जा असेल तर त्याची सावली ६० गुणिले ८१ अंशांचा टॅन, म्हणजे पावणेचार मीटर खाली पडते. सात फुटी खिडकीसुद्धा पूर्ण सावलीत राहते. २२ डिसेंबरला हाच सूर्य ४८ अंशांवर उतरतो, सावली ६७ सेंटिमीटरच पडते आणि थंडीतले हवेसे ऊन आत येते.

तीच खिडकी पश्चिमेला लावा. एप्रिलच्या मध्याला घड्याळात साडेचार वाजण्याच्या सुमारास सूर्य जवळजवळ बरोबर पश्चिमेला, क्षितिजापासून सुमारे ३२ अंशांवर असतो. दोन फुटी छज्जाची सावली आता अवघी ३७ सेंटिमीटर. २१० सेंटिमीटर उंचीची काच पूर्ण झाकायला जवळजवळ ३३५ सेंटिमीटरचा, म्हणजे अकरा फुटी छज्जा लागेल. हा छज्जा नव्हे, ही तर ओसरी झाली! आपल्या जुन्या घरांना ओसरी व पडवी का होती आणि चाळीला लांब गॅलरी काय कामाची होती, याचे एक उत्तर या गुणाकारात सापडते.

उष्णतेचे प्रमाणही पाहू. स्वच्छ आकाशाच्या दिवशी त्या वेळी पश्चिमेच्या दर चौरस मीटरवर ६०० वॅटच्या आसपास ऊर्जा पडते. साधी काच तिच्यातील चार-पंचमांश तरी आत सोडते. काचेचे क्षेत्रफळ ५ चौरस मीटर असेल, तर आत येणारी ऊर्जा सुमारे २४०० वॅट. एक किलोवॅटच्या जवळजवळ अडीच शेगड्या खोलीत पेटवाव्यात, तसे हे आहे. एक टनी वातानुकूलन यंत्र सुमारे ३५०० वॅट उष्णता बाहेर काढते. म्हणजे त्याची दोन-तृतीयांश ताकद एकट्या खिडकीने खाल्ली. आतून पडदा ओढला तरी ऊन काच ओलांडून आलेलेच असते. ते अडवायचे तर बाहेर.

येथे विक्रेता दुहेरी काच सुचवतो. तिच्यामुळे बाहेरच्या गरम हवेकडून येणारी उष्णता निम्म्यावर येते, हे खरे. पण साधी, पारदर्शक दुहेरी काच थेट उन्हाला फारसे अडवत नाही. त्यासाठी विशेष लेप दिलेली काच लागते. तेव्हा पडलेल्या सौरऊर्जेपैकी किती भाग आत येतो, तो आकडा विक्रेत्याकडे मागावा.

मग निदान उजेड तरी भरपूर मिळतो ना? तेथेही विचार हवा. खोलीत उपयोगी उजेड खिडकीच्या वरच्या कडेच्या उंचीच्या साधारण दोन ते अडीच पट अंतरापर्यंत पोचतो. म्हणून खिडकीची वरची कड उंच ठेवण्यात फायदा आहे, आणि हा गुण कारखान्याच्या खिडकीत आहे. मात्र टेबलाच्या पातळीखालची काच वही-पुस्तकावर फारसा उजेड पाडत नाही. ऊन मात्र तेवढेच आत घेते.

वाऱ्याचा मुद्दा राहिला. केंद्र सरकारने २०१८ मध्ये निवासी इमारतींसाठी इको-निवास संहिता जाहीर केली. उष्ण-दमट प्रदेशात खिडक्या-दारांचे उघडू शकणारे क्षेत्रफळ खोल्यांच्या क्षेत्रफळाच्या निदान एक-षष्ठांश असावे, असे ती सांगते. संहिता येथे काच मोजत नाही, उघडणारी जागा मोजते. पाच चौरस मीटरच्या बंद काचेत एकच लहान झडप उघडत असेल, तर कोकणातल्या घामाला तिचा उपयोग किती? त्यात खाऱ्या हवेत जस्ताचा थर नसलेले लोखंड गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, तो फुगून काचेवर दाब आणतो आणि तावदाने तडकतात.

आमचे मत थोडक्यात असे. उत्तरेला ही खिडकी जरूर घ्यावी. दक्षिणेला छज्जासह घ्यावी. पूर्वेला समोर झाड असेल तर चालेल. पश्चिमेला ओसरी, जाळी किंवा बाहेरची झडप नसेल तर घेऊ नये, मग नमुना कितीही देखणा असो. काच टेबलाच्या उंचीपासून वर असावी आणि निम्मी तरी उघडावी. काचेवर वरून चिकटवलेल्या खोट्या पट्ट्यांना तर काहीच प्रयोजन नाही.

हाच निकष काचेच्या दर्शनी भिंती मिरवणाऱ्या शाळांच्या नव्या इमारतींनाही लावावा. घरात माणूस उठून दुसऱ्या खोलीत जाऊ शकतो. बाकावरच्या मुलाला ती मुभा नसते. विद्यार्थ्यांना आपल्या वर्गाच्या खिडक्यांची दिशा, उंची आणि छज्जाची लांबी मोजायला सांगावी. उभ्या काठीच्या सावलीवरून सूर्याचा कोन काढता येतो. दुपारी तीन वाजता पश्चिमेच्या बाकावर आणि उत्तरेच्या बाकावर, दोन्हीकडे थेट ऊन लागणार नाही असा आडोसा करून, तापमापी ठेवावी आणि आठवडाभर नोंदी घ्याव्यात. शाळेच्या पुढच्या खोलीचा नकाशा समितीपुढे येईल, त्या दिवशी ही वही बरोबर न्यावी.