पडद्यावरील कवटी आणि पाठचिकित्सेचा निकष : जीवाश्मांच्या संगणकीय पुनर्रचनेची चिकित्सा

प्रस्तावना

प्राचीन मानवाची कवटी अखंड स्वरूपात क्वचितच सापडते. बहुधा ती फुटलेली, चेपलेली व खडकात रुतलेली असते आणि तिचे काही भाग कायमचे नष्ट झालेले असतात. पूर्वी असे तुकडे हाताने जुळवून उणीव प्लॅस्टरने भरून काढली जात असे. गेल्या तीन-चार दशकांत सीटी स्कॅन व संगणक यांच्या साहाय्याने हे काम होऊ लागले. मूळ जीवाश्माला धक्का न लावता तुकडे सुटे करता येतात, पुन्हा जुळवता येतात व चूक आढळल्यास मागे जाता येते, हे या पद्धतीचे निर्विवाद गुण होत. तथापि पडद्यावर दिसणारी पूर्ण कवटी हा पुरावा मानावा की पुराव्याचा अन्वयार्थ, या प्रश्नाचा पुरेसा विचार होताना दिसत नाही. प्रस्तुत लेखात या प्रश्नाची चिकित्सा केली आहे.

प्रक्रियेतील निर्णय

पुनर्रचनेची प्रक्रिया वरवर यांत्रिक वाटते. प्रत्यक्षात तिच्या प्रत्येक टप्प्यावर अभ्यासकाला निर्णय घ्यावा लागतो. हाड व त्याला चिकटलेला खडक यांची घनता सारखी असेल तेथे दोहोंमधील सीमा जाणकाराच्या नजरेने ठरवावी लागते. नष्ट झालेली बाजू शिल्लक बाजूच्या आरशातील प्रतिमेवरून घेतली जाते. वास्तविक कोणतीही कवटी पूर्णतः सममित नसते. दोन्ही बाजूंना नसलेला भाग दुसऱ्या एखाद्या कवटीचा आकार ताणून वा आकसून भरला जातो. येथे खरी अडचण उद्भवते. नमुना म्हणून कोणती कवटी घेतली, यावर भरलेल्या भागाचा आकार अवलंबून असतो. पुढे त्याच आकारावरून वर्गीकरण केल्यास गृहीतकच निष्कर्ष म्हणून परत येण्याचा धोका संभवतो.

दोन उदाहरणे

चाड देशातील तोरोस-मेनाला येथे २००१ साली मिशेल ब्रुने यांच्या पथकाला ‘तुमाई’ ही सुमारे ७० लाख वर्षांपूर्वीची कवटी मिळाली. २००२ साली तिचे ‘सहेलअँथ्रोपस चाडेन्सिस’ असे नामकरण झाले. ती मानवकुळातील आहे की वानरकुळातील, असा वाद लगेच सुरू झाला. कवटी दबून विकृत झालेली असल्याने झ्युरिकचे क्रिस्टोफ झोलिकोफर, मार्सिया पॉन्से द लिओन व सहकारी यांनी २००५ साली तिची संगणकीय पुनर्रचना प्रसिद्ध केली. तुमाई मानवकुळातीलच असून कवटीच्या तळाच्या रचनेवरून तो दोन पायांवर चालत असावा, असे त्यांनी मांडले. म्हणजेच ज्या तळाच्या रचनेवरून चालीचे अनुमान काढले, ती विकृती दूर केल्यानंतरची होती. वाद त्यानंतरही शमला नाही; २०२० नंतर तो मांडीच्या हाडाभोवती नव्याने उभा राहिला.

चीनमधील हुबेई प्रांतातील युनश्येन येथे १९९० साली सापडलेली, सुमारे १० लाख वर्षांपूर्वीची दुसरी कवटीही चेपलेली होती. ती सामान्यतः होमो इरेक्टसची मानली जाई. २०२५ साली तिची संगणकीय पुनर्रचना प्रसिद्ध झाली व ती होमो लाँगीच्या शाखेशी जोडण्यात आली. त्यावरून मानवी शाखांचे विभाजन आजवरच्या समजुतीपेक्षा बरेच आधी झाले असावे, असा दावा पुढे आला. एका सरळ केलेल्या कवटीवर एवढा मोठा भार येत असेल, तर ती कशी सरळ केली हे तपासण्याची सोय वाचकाला असलीच पाहिजे.

पाठचिकित्सेचा निकष

अशा तपासणीचा आदर्श मानव्यविद्यांमध्ये पूर्वीपासून उपलब्ध आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९६६ साली पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीपुढेही खंडित व भ्रष्ट साधनांतून पूर्वरूप उभे करण्याचाच प्रश्न होता. वि. सी. सुखठणकर यांनी तिच्यासाठी घालून दिलेल्या पद्धतीत सिद्ध संहितेखाली हस्तलिखितांतील पाठभेद दिले जातात आणि संपादकाला ज्या शब्दाची पुरेशी खात्री नाही त्याखाली नागमोडी रेषा असते. संपादकाशी असहमत होण्याची साधने संपादकच वाचकाच्या हाती देतो. संगणकीय कवटीला अशी नागमोडी रेषा बहुधा नसते. मूळ हाड व भरलेला भाग एकाच गुळगुळीत पृष्ठभागात मिसळले, की पाठ्यपुस्तकातील चित्र पाहणाऱ्या विद्यार्थ्याला दोन्ही सारखेच खरे वाटतात.

या दृष्टीने दक्षिण आफ्रिकेतील होमो नालेदीचे उदाहरण उल्लेखनीय आहे. २०१५ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले, तेव्हाच अनेक अस्थींच्या त्रिमितीय प्रतिमा सर्वांसाठी खुल्या करण्यात आल्या. मूळ जीवाश्मापर्यंत पोहोचू न शकणाऱ्या अभ्यासकालाही त्यामुळे फेरतपासणी शक्य झाली.

भारतासाठी हा प्रश्न दूरचा नाही. अरुण सोनकिया यांना १९८२ साली मध्य प्रदेशातील हथनोरा येथे मिळालेल्या नर्मदा जीवाश्मात कवटीचा प्रामुख्याने उजवा भाग शिल्लक आहे. १९९१ साली केनेडी व सहकाऱ्यांनी तिच्या मेंदूचे आकारमान ११५५ ते १४२१ घन सेंटीमीटर असे दिले. हा विस्तृत पल्ला अनेकांना दोष वाटेल. वस्तुतः तो प्रामाणिकपणा आहे. उद्या या कवटीची एकच देखणी संगणकीय प्रतिमा रूढ झाली आणि हा पल्ला विस्मृतीत गेला, तर ज्ञानात भर पडण्याऐवजी घटच होईल.

समारोप

संगणकीय पुनर्रचना त्याज्य ठरवणे हा या चिकित्सेचा हेतू नाही. हाताने केलेल्या जुळणीत अभ्यासकाचे निर्णय प्लॅस्टरखाली गाडले जात. संगणकात ते टप्प्याटप्प्याने नोंदवता येतात. ही क्षमता वापरली जावी, एवढीच अपेक्षा आहे. मूळ स्कॅन उपलब्ध असावेत, भरलेला भाग वेगळ्या रंगात दाखवावा आणि एकाहून अधिक अभ्यासकांनी स्वतंत्रपणे केलेल्या पुनर्रचना शेजारी शेजारी ठेवाव्यात. या तीन अटी पाळल्या गेल्या तरच पडद्यावरील कवटीला चिकित्सित आवृत्तीचा दर्जा देता येईल; तोपर्यंत ती केवळ एका संपादकाची संहिता राहील.