आंतरराष्ट्रीय अभ्यास : लोणारच्या कांठावरून

अलीकडे आपल्या विद्यापीठांतून ‘आंतरराष्ट्रीय अभ्यास’ या नांवाचा एक विषय शिकविला जातो. हा विषय कोणत्याहि एका शास्त्राच्या मालकीचा नाहीं, इतिहास, कायदा, अर्थशास्त्र, भूगोल या साऱ्यांचा तो संगम आहे, असें त्याचे पुरस्कर्ते अभिमानानें सांगतात. आमचा या म्हणण्याशीं वाद नाहीं. वाद आहे तो इतकाच कीं, संगम म्हणून जें दाखविलें जातें, त्या पुष्कळदां शेजारीं शेजारीं ठेवलेल्या घागरी असतात. इतिहासाचे अध्यापक १६४८ चा वेस्टफालियाचा तह सांगून जातात. अर्थशास्त्राचे जकातीचीं तत्त्वें सांगतात. कायद्याचे हेग येथील न्यायालयाची रचना सांगतात. आणि या साऱ्यांचा मेळ घालण्याचें काम वीस वर्षांच्या विद्यार्थ्यावर येऊन पडतें. तो मेळ त्याच्या अध्यापकांनीं स्वतः कधीं घातलेला नसतो, आणि आम्हीहि त्या अध्यापकांपैकींच एक आहों.

विषयाचा जन्म मात्र असा झाला नव्हता. त्याचें पहिलें अध्यासन १९१९ सालीं वेल्समधील ॲबरिस्टविथ येथें स्थापन झालें. त्यावर प्रथम बसलेले आल्फ्रेड झिमर्न हे मूळचे प्राचीन ग्रीसच्या इतिहासाचे पंडित. पुढें त्याच अध्यासनावर आलेले ई. एच. कार यांनीं वीस वर्षें ब्रिटिश परराष्ट्रखात्यांत काढलेलीं. दोघेहि दुसऱ्या प्रांतांतून आले, पण महायुद्ध कां होतें, आणि तें टळेल कसें, या एकाच प्रश्नाच्या ओढीनें आले. प्रश्न एक होता म्हणून शास्त्रें एकत्र आलीं. शास्त्रें एकत्र बसवून प्रश्न निर्माण होत नसतो. आपल्याकडे दिल्लीस १९५५ सालीं या विषयाची स्वतंत्र संस्था निघाली व १९७० सालीं ती जवाहरलाल नेहरू विद्यापीठांत विलीन झाली. एकेका भूभागाची भाषा, इतिहास व अर्थकारण एकत्र शिकण्याची चांगली प्रथा तेथें पडली. पश्चिम आशिया आला, आफ्रिका आली, रशिया आला. आपल्या पायांखालचा भूभाग मात्र त्यांत कसा यावा? तो परदेश थोडाच आहे!

तो परदेश होता काय, हीच गोष्ट आम्हांस येथें पाहावयाची आहे.

गेल्या हिवाळ्यांत आम्ही कांहीं विद्यार्थ्यांस घेऊन लोणारास गेलों होतों. सरोवर पाहावें, दैत्यसूदनाचें देऊळ पाहावें, एवढाच हेतु. कांठावर उभे असतां आम्हीं सहज विचारलें कीं, १९४० सालीं या जमिनीचा राजा कोण होता? एकानें सांगितलें इंग्रज. दुसरा म्हणाला निजाम. तिसरी मुलगी म्हणाली, “दोघेहि असावेत, सर.” ती बरोबर होती, पण कां, हें तिला सांगतां येईना, आणि इतरांसहि येईना. त्यांतले दोघे आंतरराष्ट्रीय अभ्यासाचे पदवीधर होते, व वेस्टफालिया त्यांस तोंडपाठ होतें.

हकीकत अशी आहे. हैदराबाद कंटिंजंट फौजेचा खर्च थकला म्हणून १८५३ सालीं डलहौसीनें निजामाकडून वऱ्हाड कारभारासाठीं घेतलें. १८६० सालीं दुसरा तह झाला. राहिलेलें कर्ज माफ झालें, धाराशिव व रायचूर दुआब निजामास परत मिळाले, वऱ्हाड मात्र मिळालें नाहीं. तें मिळावें म्हणून सर सालारजंग झटझट झटले. अखेर १९०२ सालीं कर्झननें वर्षाकांठीं पंचवीस लक्ष रुपयांच्या खंडानें तें कायमच्या पट्ट्यानें घेतलें. म्हणजे सार्वभौमत्व निजामाचें, कारभार इंग्रजांचा. हा नुसता शब्दांचा खेळ नव्हता. वऱ्हाड ‘ब्रिटिश हिंदुस्थान’ नसल्यामुळें तेथें कायदे लागू होत ते परमुलखांतील अधिकाराविषयींच्या हुकुमान्वयें. वऱ्हाडच्या मतदारांनीं निवडून दिलेला प्रतिनिधि मध्यवर्ती कायदेमंडळांत कागदोपत्रीं सरकारनियुक्त म्हणून बसे. लोकनायक बापूजी अणे असेच बसले. सरकारवर कडाडून टीका करणारा पुरुष सरकारी यादींत! ज्या विद्यार्थ्यास ही विसंगति उलगडतां येईल, त्यास सार्वभौमत्व म्हणजे काय हें निराळें शिकवावें लागणार नाहीं.

या साऱ्या व्यवहारांतला सर्वांत वाचनीय कागद म्हणजे लॉर्ड रीडिंगनें २७ मार्च १९२६ रोजीं निजामास धाडलेलें पत्र. संस्थानांवरील सर्वश्रेष्ठ सत्तेच्या चर्चेंत तें नेहमीं येतें. परंतु तें पत्र वऱ्हाडच्या वादांतून निघालें, हें सांगण्याचें भान थोड्यांसच असतें. निजाम मीर उस्मान अली यांचें म्हणणें असें कीं, परराष्ट्रसंबंध सोडले तर आपण इंग्रजांच्या बरोबरीचे आहों, सबब वऱ्हाडविषयीं बोलणीं बरोबरीच्या नात्यानें व्हावींत. रीडिंगचें उत्तर असें कीं, ब्रिटिश सत्तेचें श्रेष्ठत्व केवळ तहनाम्यांवर उभें नाहीं, तें त्यांपलीकडचें आहे, आणि कोणाहि संस्थानिकास त्या सत्तेशीं बरोबरीनें वाटाघाट करतां यावयाची नाहीं. कायदेपंडितास हें पत्र तहाच्या अर्थाचा वाद वाटेल, इतिहासकारास तें साम्राज्याच्या उतरत्या काळांतील ताठा वाटेल. दोघेहि अर्धे बरोबर आहेत.

येथें कार यांचें १९३९ सालचें ‘वीस वर्षांचा पेंच’ हें प्रसिद्ध पुस्तक उपयोगी पडतें. सर्वांच्या हिताचा मेळ, शांतता, सुव्यवस्था ही भाषा बहुधा तृप्त सत्तांची असते, हें त्यांनीं निर्भीडपणें दाखविलें. रीडिंगचें पत्र या दृष्टीनें वाचलें म्हणजे त्यांतली नीतीची भाषा कोठें संपते व बळाची कोठें सुरू होते, तें स्पष्ट दिसतें. परंतु कार यांचीं राष्ट्रें बहुतांशीं आयतीं, सीमा आंखलेलीं आहेत. शेवटीं शेवटीं ते राष्ट्रराज्याच्या भवितव्याविषयीं शंका काढतात खरे. तरी जेथें धनी कोण हेंच वादांत आहे अशा मुलखास त्यांच्या चौकटींत नीट जागा नाहीं. हा दोष त्यांच्या बुद्धीचा नव्हे. त्यांच्या खिडकीतून युरोप दिसत होता. आपण मात्र तीच खिडकी उसनी आणून वर्गांत बसविली, याला काय म्हणावें?

कायदा व सत्ता झाली, पण पोटाचें काय? १८६१ ते १८६५ अमेरिकेंत यादवी युद्ध चाललें, लँकेशायरच्या गिरण्यांस कापूस मिळेना, आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीकडे मँचेस्टरचे डोळे लागले. १८६७ सालीं रेल्वे वऱ्हाडांतून नागपुरास पोंचली. १८७० सालीं खामगांवचा फांटा निघाला. कर्ज फिटूनहि वऱ्हाड परत कां झालें नाहीं, याचें उत्तर तहाच्या कलमांत शोधणाऱ्यानें खामगांवचा कापूसबाजार विसरूं नये. लक्ष्मण सत्या यांचें वऱ्हाडांतील कापूस व दुष्काळ यांवरील इंग्रजी पुस्तक १९९७ सालीं निघालें. त्यांत शेती, जंगल, रेल्वे व १८९९-१९०० चा भयंकर दुष्काळ यांचा परस्परसंबंध लावलेला आहे. अशीं पुस्तकें इतिहासाच्या कपाटांत राहतात आणि आंतरराष्ट्रीय अभ्यासाचा विद्यार्थी त्या कपाटापर्यंत जात नाहीं, ही आमची खरी तक्रार आहे.

लोणारकरांस हें सारें पुस्तकांतून कळावयाची जरूर नव्हती. लोणार वऱ्हाडच्या दक्षिण टोंकास. थोडे कोस गेलें कीं मंठ्याकडे मोगलाई लागे. अलीकडे कलदार रुपया, पलीकडे हाली शिक्का. शंभर कलदारांस एकशें सोळांहून थोडे अधिक हाली मोजावे लागत. तेथें करोडगिरीचें नाकें, उर्दू दफ्तर, फसली सन. दोन्ही बाजूंस माणसें मराठीच, सोयरिकी इकडून तिकडे. नवी सून सासरीं जातांना राज्य, नाणें आणि दफ्तराची भाषा हीं तिन्हीं ओलांडून जाई, व तिला त्यांत कांहीं विशेष वाटत नसे. १९३६ च्या करारानें निजामाचें सार्वभौमत्व पुन्हां मान्य झालें. आणि १९४८ च्या ऑगस्टांत हैदराबादचा प्रश्न सुरक्षा समितीपुढें गेला, तेव्हां मोगलाईची ती हद्द खरोखरीच जगाच्या चर्चेंत आली. सप्टेंबरांत पोलीस कारवाई झाली व पुढें नाकींहि उठलीं.

कोणी म्हणेल, हा तर गेला इतिहास, शिवाय गांवाचा अभिमान. पहिल्या आक्षेपास सरोवरच उत्तर देईल. सुमारे पावणेदोन किलोमीटर व्यासाचा हा खळगा ज्वालामुखीचा कीं उल्केचा, हा वाद दीर्घकाळ चालला. १९७३ सालीं अमेरिकन व भारतीय भूवैज्ञानिकांनीं मिळून प्रसिद्ध केलेल्या संशोधनानें उल्केचा पक्ष बळकट केला. चंद्रावरील विवरांशीं तुलनेस असा बेसाल्टांतला खळगा पृथ्वीवर दुर्मिळ, म्हणून सातासमुद्रांपलीकडचे लोक येथें आले. इराणांतील रामसर गांवीं १९७१ सालीं पाणथळ जागांविषयीं करार झाला. त्याच्या यादींत लोणार २०२० सालीं दाखल झालें. म्हणजे कांठच्या शेतकऱ्याचें सांडपाणी, नागपूर खंडपीठापुढील अर्ज आणि इराणांत झालेला करार हीं आज एकाच प्रश्नाचीं अंगें आहेत. हें भूगोलानें सांगावें, कीं कायद्यानें, कीं जीवशास्त्रानें? अभिमानाच्या आक्षेपास मात्र आमच्याजवळ उत्तर नाहीं. तो थोडासा आहे.

परत आल्यावर आम्हीं त्या विद्यार्थ्यांस एकच प्रश्न लिहावयास दिला : १८५३ पासून १९४८ पर्यंत लोणारच्या एका कापूस पिकविणाऱ्या कुणब्याच्या शेतावर कोणाकोणाचा हक्क चालत होता, आणि तो कशाच्या बळावर? त्यांनीं तीन आठवडे मागून घेतले आहेत. त्यांतली तिसरी मुलगी आजोळच्या जुन्या सातबाराच्या शोधांत मेहकरास जाऊन आल्याचें कळतें. उत्तरें अजून यावयाचीं आहेत. तीं इतिहासाच्या प्राध्यापकांनीं तपासावींत कीं कायद्याच्या, यावर मात्र आमच्याकडे आतांपासूनच वाद सुरू झाला आहे.