एका डबड्याचे रसग्रहण

रसग्रहण हा माझा जुना आजार आहे. सिनेमा असो, नाटक असो, लग्नाची पंगत असो, मत दिल्याशिवाय मला अन्न पचत नाही. घरचं अन्नही त्यातून सुटत नाही. गेली एक-दोन वर्षं आमच्याकडे भातात खडे लागू लागले आहेत, आणि सौ. चहा ओतते तो निम्मा कपात व निम्मा बशीत पडतो. या दोन्ही विषयांवर माझी विस्तृत समीक्षा घरात सर्वांना पाठ आहे. त्यामुळे दिवाळीला पुण्याहून ढाणकीला आलेल्या पुतण्यानं बॅगेतून एक पांढरं डबडं काढलं आणि "काका, हे डोळ्यांवर लावून गेम खेळायचा," असं सांगितलं, तेव्हा माझ्यातला समीक्षक बाह्या सरसावून उठला.

वेल्डिंगवाल्याचा मुखवटा आणि घाण्याच्या बैलाची झापडं यांची सोयरीक झाली तर जे अपत्य होईल, ते हे. याला व्हीआर हेडसेट म्हणतात. आत दोन भिंगं, भिंगांमागे पडदा. उजव्या डोळ्याला एक चित्र, डाव्याला किंचित निराळं. दोन्हींची बेरीज मेंदू करतो, आणि सपाट चित्राला खोली येते. युक्ती नवी नाही. चार्ल्स व्हीटस्टन नावाच्या इंग्रजानं ती १८३८ सालीच मांडली होती. १९८५ साली 'शिवा का इन्साफ' आला तेव्हा आपणही चष्मे लावून पडद्यातून अंगावर येणाऱ्या वस्तू चुकवल्याच की!

मी डबडं चढवलं. माझा चष्मा आत, डबडं बाहेर आणि मधे माझं नाक! चष्म्याच्या दांड्या कानशिलात रुतल्या. १९६८ साली आयव्हन सदरलँड यांनी अमेरिकेत असंच यंत्र बनवलं, ते इतकं जड होतं की छताला टांगावं लागे. आताचं अर्ध्या किलोच्या आसपास भरतं. यावर "एवढंसंच?" असं ज्यांना वाटेल त्यांनी अर्धा किलो साखरेची पुडी कपाळाला बांधून अर्धा तास बसून पाहावं. वजन डोक्यावर असतं तर पाटीवाल्यासारखं पेललं असतं. ते लोंबतं नाकापुढे, आणि त्याचा हिशेब चुकता करते मान.

आता चित्राविषयी. चांगल्या नजरेला एका अंशात साठेक ठिपके निरनिराळे ओळखता येतात. आज नावाजलेल्या 'क्वेस्ट ३'सारख्या यंत्रातही अंशाला पंचवीसेकच मिळतात. पडद्यावर ठिपके लाखांनी असतात, पण भिंग तो पडदा ताणून सगळ्या नजरेभर पसरवतं. तूप तेवढंच आणि पोळी परातीएवढी, मग तूप लागणार कुठं? पुतण्यानं मला एक धबधबा दाखवला. आमच्या पैनगंगेवरच्या सहस्रकुंडाला गेलं की तुषार चष्म्यावर बसून धूसर दिसतं. इथं कोरडेपणीच धूसर! नंतर त्यानं मोटारींची शर्यत लावली. डोळे म्हणाले, गाडी सुसाट चालली आहे. कान म्हणाले, छे, हे तर दिवाणावर बसलेत. कानाच्या आत तोल सांभाळणारा जो अवयव असतो, त्याचं आणि डोळ्यांचं असं भांडण जुंपलं की पोट ढवळून निघतं. दिवाळीचा फराळ परत येऊ पाहत होता. मी तोल सावरायला हात पसरले, तेवढ्यात दारातून शेजारीण म्हणाली, "हे काहून लावून बसले बाप्पा? डोये आले का?"

माझा अभिप्राय प्रतिकूल होता आणि मी तो सविस्तर दिला. बाकीच्यांचा मात्र एकाच शब्दाचा : छान. सौ.नंही पाच मिनिटं डबडं लावलं आणि "छान आहे," म्हणून काढायला घेतलं.

पुतण्या म्हणाला, "थांब काकू. ते फुलपाखरू दिसतंय ना? त्याला हात लाव."

तिनं हात भलतीकडेच मारला.

"अगं, जवळ आहे की लांब?"

"जवळ-लांब कसलं? चित्रावर चिकटवलंय ते."

दोन बाहुल्यांमधलं अंतर माणसागणिक वेगळं असतं. मोठ्या माणसांत सरासरी ६३ मिलिमीटरच्या आसपास. भिंगं त्या मापानं सरकवली नाहीत तर सगळंच धुरकटतं. पोरानं चक्र फिरवून पाहिलं, पट्टा वर-खाली केला. फरक पडेना. मग म्हणाला, "काकू, डावा डोळा मीट बरं. आता काय दिसतं?"

"धुकं."

"चित्रात?"

"नाही रे, ते नेहमीचंच. दोन वर्षं झाली असतील."

मी समीक्षकाच्या आसनावरून खाली उतरलो. "मग सांगितलं का नाहीस?"

"दुसऱ्यानं दिसतं की. आणि विचारलं कोणी?"

भातातला खडा दोन वर्षं मला दातांखाली सापडत होता. तो निवडणाऱ्या डोळ्याकडे माझं लक्ष गेलं नव्हतं. एका डोळ्यानं पाहणाऱ्याला कप नेमका किती लांब आहे याचा अंदाज चुकतो, हेही मला व्हीटस्टनचं नाव माहीत असून सुचलं नव्हतं. या डबड्याच्या चित्रात शंभर दोष असतील, पण एक गुण कबूल केला पाहिजे. ते प्रत्येक डोळ्याला वेगळं विचारतं.

उमरखेडला डॉक्टरांना दाखवलं. मोतीबिंदू निघाला, शस्त्रक्रिया झाली. उन्हाळ्यात पुतण्या पुन्हा आला तोवर डॉक्टरांनी सगळी बंधनं उठवली होती. सौ.नं स्वतःहून डबडं मागून घेतलं, चक्र स्वतः फिरवलं, फुलपाखराला पहिल्याच झटक्यात हात लावला. मी विचारलं, "कसं आहे?"

"चित्र बरं आहे. कडेला फिसकटतं. नाकाला टोचतं आणि मान अवघडते. दहा मिनिटांपुढे काही खरं नाही."

एवढं नेमकं परीक्षण मला दोन पानांत जमलं नाही. तिनं चहा ठेवला. सगळा कपात पडला.