हातात मावलेली हिरण्यनगरी

'राजी: ॲन एन्शंट एपिक' हा व्हिडिओ गेम पुण्यातल्या 'नॉडिंग हेड्स गेम्स' या छोट्या स्टुडिओने घडवला. तो बाजारात आला १८ ऑगस्ट २०२० रोजी, आणि आला तो निन्टेन्डो स्विचवर. पीसी, प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवाल्यांना ऑक्टोबरपर्यंत वाट बघावी लागली. हा क्रम उलटा आहे. एरवी खेळ धष्टपुष्ट यंत्रांसाठी लिहिला जातो, तिथे नाव कमावतो, आणि मग कुणीतरी कंबर कसून तो हातातल्या लहान यंत्रात बसवतं. या बसवण्याला धंद्यात 'पोर्ट करणं' म्हणतात. राजीने मात्र पहिलं पाऊल टाकलं ते चौघांतल्या सगळ्यांत अशक्त यंत्रावर. त्या पावलातच तिची गंमत आहे असं मला वाटतं, म्हणून स्विचवरच्या राजीबद्दलच बोलते.

यंत्राची ऐपत आधी बघू. स्विच २०१७च्या मार्चमध्ये आला. आत एनव्हिडियाची टेग्रा एक्स१ चिप, म्हणजे मूळची २०१५ची. मेमरी ४ जीबी, तीही प्रोसेसर आणि ग्राफिक्स यांनी वाटून घ्यायची. पडदा ६.२ इंची, १२८० गुणिले ७२० ठिपक्यांचा. टीव्हीला जोडलेल्या खोबणीत ठेवला की ग्राफिक्सचा वेग वाढतो. उचलून हातात घेतला की बॅटरी टिकावी म्हणून यंत्र स्वतःच तो निम्म्याच्या आसपास आणतं. सेकंदाला ३० चित्रं दाखवायची तर एका चित्राला ३३ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात शत्रूंच्या हालचाली, टकरींचा हिशेब, सावल्या, धूर, पाणी, सगळं उरकायचं. चौतिसाव्या मिलिसेकंदाला उधारी नाही, चित्र अडखळतंच.

आमच्या जबलपुरात हे यंत्र सहजी दुकानात मिळणारं नव्हतं. भारतात स्विच बहुतेक आयात करणाऱ्या दुकानांतून नाहीतर परदेशातल्या नातेवाइकांच्या बॅगेतून आला. माझ्या भाच्याचा दुबईहून आला. पुण्यात घडलेली पोर जबलपूरला पोचायला दुबईचा फेरा! असो.

गोष्ट साधी आहे. राजी ही सर्कशीत कसरती करणारी मुलगी, गोलू तिचा धाकटा भाऊ. महाबलासुराचे राक्षस मुलांना पळवून नेतात, त्यांत गोलूही जातो. दुर्गा राजीला त्रिशूळ देते, पुढे विष्णूचं धनुष्य मिळतं, आणि ही पोर भग्न किल्ले, हिरण्यनगरीचे महाल आणि थरचं वाळवंट तुडवत भावाला शोधत जाते. दुर्गा आणि विष्णू वरून हे सगळं बघत आपसात बोलत असतात, कधी कौतुकाने, कधी एकमेकांना टोमणा मारत. आपण राक्षसांशी झुंजतोय आणि देव आपल्यावर गप्पा हाणतायत, हा प्रकार मला फार आवडला.

आता पडद्याकडे जरा जवळून बघा. पहिली गोष्ट लक्षात येते ती कॅमेऱ्याची. अशा बहुतेक साहसी खेळांत उजव्या अंगठ्याने नजर कुठेही फिरवता येते. राजीत ती मुभा नाही. कॅमेरा खेळ रचणाऱ्यांनी लावून ठेवलेला, उंचावरून तिरका खाली बघणारा. राजी पुढे सरकली की तोही त्याच्या ठरलेल्या वाटेने सरकतो. सुरुवातीला हात चुळबुळतो, कारण मागे वळून बघायची सवय जात नाही. थोड्या वेळाने उमगतं की मागे बघण्यासारखं काही ठेवलेलंच नसावं. रचणाऱ्याला प्रत्येक पावलाला काय दिसणार हे पक्कं ठाऊक असलं, की कमानीची पाठ कोरायची गरज उरत नाही. लांबचा घुमट नुसता रंगवलेला चालतो. एका चित्रात किती खांब, किती दिवे, किती राक्षस येणार याचा जमाखर्च आधीच मांडता येतो. कॅमेरा बांधल्यावर ३३ मिलिसेकंदांचा बराचसा हिशेब तिथेच सुटतो.

पण काटकसर म्हणून कॅमेरा बांधला आणि काम झालं, एवढ्यावर हे भागत नाही. बांधलेल्या कॅमेऱ्याने राजीला तिच्या जगात लहान केलं आहे. ती एखाद्या चौकात शिरते तेव्हा कॅमेरा मागे, वर जातो. झरोके, छत्र्या, तुटके जिने सगळं एकदम समोर येतं आणि त्यात ती बोटाच्या पेराएवढी. राजस्थानी वास्तूचा तो पसारा आपण तिच्या खांद्यावरून बघत नाही, देव बघतात तिथून बघतो. दुर्गा-विष्णूचं संभाषण कानावर येतंच आहे. यंत्राची मर्यादा आणि कथेचा दृष्टिकोन इथे एकाच जागी येऊन बसले आहेत.

दुसरी गोष्ट भिंतींची. राजीतल्या भिंती हाताने रंगवल्यासारख्या दिसतात, पहाडी चित्रशैलीची छाया असलेल्या. कड्यांवर उजळ रंग, खोबणीत गडद, दगडावर ऊन पडल्यासारखी फिकट पट्टी. खरा प्रकाश दर क्षणी मोजायचा तर छोटी चिप धापा टाकते. चित्रकाराने ऊन रंगातच ओतून ठेवलं तर चिपला फक्त चित्र चिकटवायचं उरतं. प्रकाश असा आधीच टेक्स्चरमध्ये मुरवून ठेवण्याला ही मंडळी 'बेक करणं' म्हणतात. फोटोसारखा खरा दिसणारा दगड लहान पडद्यावर ठिपके कमी पडले की चिखल दिसू लागतो. रंगवलेल्या दगडाचं तसं होत नाही. त्याच्या रेषा जाड, रंग ठाम, त्यामुळे तपशील गळले तरी आकार टिकतो.

आणि तेच तेच साचे. एकच कमान, एकच खांब, एकच कठडा फिरवून फिरवून लावलेला डोळ्याला कळतो. यंत्राला एकाच आकाराच्या शंभर प्रती काढणं शंभर वेगळे आकार काढण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं. यात कमीपणा वाटायचं कारण नाही. जबलपूरकराने तर मुळीच वाटून घेऊ नये, कारण आमच्याकडे भेडाघाटला टेकडीवर कलचुरींच्या काळातलं चौसष्ट योगिनींचं देऊळ आहे. वर्तुळाकार ओवरी, तिच्यात एकासारखी एक देवळी, मध्ये गौरीशंकर. नाव चौसष्टांचं, देवळ्या त्याहून जास्त. देवळीचा साचा एकच. फरक आतल्या मूर्तीत आणि पीठावर कोरलेल्या नावात. शिल्पकारांनी हात राखला तो चौकटीवर आणि मोकळा सोडला तो योगिनींवर. मूर्ती आज भंगलेल्या आहेत, तरी प्रत्येकीसमोर पाय थबकतो. राजीतही साच्याच्या कमानी ओलांडत जाता जाता एखाद्या भिंतीवर चित्र लागतं, तिथे ती थांबते, आणि देवीची किंवा विष्णूची कथा ऐकू येते. खर्च कुठे करायचा हे कळणं, दोन्हीकडे.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत मोलाची वाटते. कथा पुढे सरकवणारे प्रसंग राजीत छायाबाहुल्यांनी दाखवले आहेत. सपाट, सांधे जोडलेल्या आकृत्या, मागे उजेड, हात-मान तेवढी हलते. मोठ्या खेळांत अशा प्रसंगांवर पैसा आणि यंत्रशक्ती दोन्ही पाण्यासारखी ओततात: ओठांची हालचाल, डोळ्यांतलं पाणी, केसाचा केस. नॉडिंग हेड्सकडे ना तो पैसा होता ना स्विचकडे ती ताकद. २०१७ साली लोकवर्गणीसाठी किकस्टार्टरवर केलेलं त्यांचं आवाहन अपुरं पडलं होतं. पण सपाट बाहुली बघताना 'अरेरे, चेहरा नाही' असं मनात येत नाही, कारण बाहुलीकडून चेहऱ्याची अपेक्षा आपण कधी केलीच नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर कलावंत चित्रकथी, कळसूत्री आणि चामड्याच्या बाहुल्या घेऊन रामायण सांगत आले. मेलेला रावण आणि जिवंत रावण यांत सांधा कसा झुकला एवढाच फरक, आणि बघणाऱ्याला तो पुरतो. पिंगुळीच्या माणसाला राजीतले हे प्रसंग दाखवले तर त्याला त्यात काही कमी वाटणार नाही. तंत्राच्या भाषेत हे ऑप्टिमायझेशन. रसिकाला ते ऑप्टिमायझेशन आहे हे कळतच नाही, एवढं ते कथेच्या अंगचं वाटतं.

उलट टोकाचं उदाहरण 'द विचर ३'चं. २०१५चा हा पोलिश खेळ मोकळ्या जगाचा: घोड्यावर बसा आणि कुठेही उधळा. सेबर इंटरॅक्टिव्हने तो ऑक्टोबर २०१९मध्ये स्विचवर आणला, दोन्ही मोठ्या पुरवण्यांसकट, ३२ जीबीच्या एका कार्डात. इथे कॅमेरा बांधता येत नाही, जग रंगवून सपाट करता येत नाही. मग कात्री चालवावी लागली. हातात खेळताना चित्र फार तर ५४० ओळींचं, आणि गर्दी झाली की त्याहून खाली. पाच लाख अठरा हजार ठिपके. पूर्ण एचडीच्या पाव. झाडांची पानं विरळ, सावल्या ढोबळ, लांबचं सगळं धुकट. तरीही वेलेनच्या दलदलीत वारा सुटतो तेव्हा झाडं झुकतात आणि मन उदास होतं. ती उदासी सेबरने गळू दिली नाही. त्याआधी २०१७मध्ये टेक्ससच्या पॅनिक बटनने 'डूम' आणला तेव्हा सेकंदाला ६० चित्रांची ३० केली, पण गोळीबाराचा रेटा कायम राखला. हे काम जुन्या ७८ आरपीएमच्या तबकड्यांसारखं आहे. तासभराचा ख्याल साडेतीन मिनिटांत मांडायचा तर कुठली आलापी सोडायची हे ठरवायला राग पुरता पचलेला असावा लागतो. केसरबाईंची भैरवी अशाच साडेतीन मिनिटांची, आणि १९७७मध्ये व्हॉयेजर यानासोबत अंतराळात गेली ती तीच.

सेबरने दुसऱ्याचा ख्याल आटवला. राजीवाल्यांनी बंदिशच मुळात साडेतीन मिनिटांची बांधली. मला दुसरं जास्त अवघड वाटतं, जरी वाहवा पहिल्याची होते.

राजी निर्दोष आहे असं मात्र नाही. कॅमेरा मागे गेल्यावर ती पेराएवढी दिसते हे टीव्हीवर ठीक; ६.२ इंचांत ती पेराची मुंगी होते. चार राक्षस घेरतात, त्रिशुळातून वीज फुटते, आणि त्या लखलखाटात आपली पोर कुठली ते शोधावं लागतं. नेमकं तेव्हाच चित्रही अडखळतं. खांबावर धावत चढून गिरकी घेत मारायची तिची कसरत ऐनवेळी हुकते ती बऱ्याचदा यामुळे. मी भाच्याला म्हटलं, "अरे, हिचा चेहरा एकदा तरी नीट दाखवायला हवा होता."

"मावशी, तू चेहरा बघतेस की पाय?" तो म्हणाला. "उडी चुकते ती पाय न दिसल्यामुळे."

बरोबर बोलला. त्याने यंत्र खोबणीत ठेवलं, तीच लढाई टीव्हीवर आली, पाय दिसले, उडी साधली. म्हणजे छोट्या यंत्रावर पहिल्यांदा आलेला खेळसुद्धा हात आणि टीव्ही यांत टीव्हीकडे थोडा जास्त झुकला आहे. लढाईपुरता कॅमेरा दोन पावलं पुढे आणला असता तर दृश्य आवळलं गेलं असतं, चिपचं ओझंही बहुधा हलकं झालं असतं. शेवटही घाईचा. पाच-सहा तासांत खेळ आटोपतो तो अर्ध्या वाक्यात थांबल्यासारखा. त्याचा दोष चिपच्या माथी मारता येणार नाही. तरी २०२०च्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पहिलटकर स्वतंत्र खेळांच्या नामांकनांत राजी होती, आणि ते नामांकन योग्य होतं.

आपल्याकडे हे आवळण्याचं काम तसं नवं नाही. विशाल गोंडल यांनी १९९९ साली मुंबईत काढलेली 'इंडियागेम्स' मोबाइलवरचे खेळ करायची, पुढे डिस्नेने ती घेतली. त्या काळात नोकियाच्या साध्या फोनांवर जावाचा अख्खा खेळ ६४ केबीत बसवावा लागे, पडदा १२८ गुणिले १२८. शिवाय प्रत्येक फोनचा पडदा वेगळा, बटणं वेगळी, खोड्या वेगळ्या. एकच खेळ पुन्हा पुन्हा बेतून द्यायचा. त्या कामाला ना नाव मिळालं ना समीक्षक. आज या पेशात असलेल्या किती जणांचे हात त्यावर घोटले गेले, हे कुणीतरी लिहायला हवं.

राजीबद्दल माझी एकच खरी तक्रार उरते, आणि ती चित्राची नाहीच. २०२०च्या राजीत दुर्गा आणि विष्णू इंग्रजीत बोलतात. भारतीय हेलाचं इंग्रजी, पण इंग्रजीच. हिंदी आवाज आले २०२२च्या सुधारित आवृत्तीत. आवाज कार्डावर जागा खातो, पण ३३ मिलिसेकंदांतलं फारसं काही मागत नाही. कमजोर यंत्रावर हात सैल सोडता येईल अशी ती एकमेव जागा होती. छायाबाहुली हलते आणि मागून सूत्रधार परक्या भाषेत बोलतो, तेव्हा बाहुलीचं चामडं दिसू लागतं. हिंदीत तेच प्रसंग लावून बघा. चित्रात एक ठिपकाही वाढलेला नसतो, आणि दुर्गेचा टोमणा नीट लागतो.