यंत्राविषयीची करुणा : एका मांडणशिल्पाच्या निमित्ताने

'रोबो' हा शब्द शास्त्रज्ञांनी नाटकाकडून उसना घेतला आहे. कारेल चापेक या चेक नाटककाराच्या 'आर. यू. आर.' (१९२०) या नाटकाने तो जगभर रूढ केला. त्याच्या मुळाशी असलेल्या 'रोबोटा' या चेक शब्दाचा अर्थ वेठ असा आहे. वेठीस धरलेल्याविषयी दया वाटावी की भय वाटावे, हा प्रश्न अशा रीतीने या शब्दाबरोबरच जन्मास आला. समकालीन मांडणशिल्पांत यंत्रमानवाचा जो उपयोग होत आहे, त्याचे परीक्षण करताना या व्युत्पत्तीचे विस्मरण होऊ देता कामा नये.

या दृष्टीने सुन युआन व पेंग यू या चिनी कलावंतांचे 'कान्ट हेल्प मायसेल्फ' हे मांडणशिल्प विचारात घेण्याजोगे आहे. गुगेनहाइम संग्रहालयाच्या निमंत्रणावरून निर्माण झालेली ही कलाकृती २०१६ साली न्यूयॉर्क येथे व पुढे २०१९ च्या व्हेनिस येथील द्वैवार्षिक प्रदर्शनात मांडण्यात आली. पारदर्शक भिंतींच्या आत, कारखान्यांत वापरतात त्या जातीचा एक प्रचंड यांत्रिक हात उभा असून त्याच्या भोवती रक्तासारखा दिसणारा दाट तांबडा द्रव पसरलेला आहे. द्रवाचा ओघळ ठरीव मर्यादेबाहेर गेल्याचे संवेदकांनी टिपताच हात वळतो आणि टोकास रबरी पट्टी बसविलेल्या फावड्याने तो आत ओढून घेतो. या क्रियेत जमिनीवर व भिंतींवर शिंतोडे उडतात. द्रव पुन्हा पसरतो. हात पुन्हा वळतो. मधूनमधून तो लवतो, थरथरतो, डोलतो. अशा बत्तीस हालचालींची त्यास योजना करून दिलेली असून त्यांतील एकीस 'खाज खाजविणे' या अर्थाचे नाव आहे.

व्हेनिस येथील प्रदर्शनानंतरच्या काळात या कलाकृतीच्या लघुचित्रफिती असंख्य लोकांपर्यंत पोहोचल्या व त्यांबरोबर एक कथाही पसरली. तो द्रव म्हणजे यंत्राचे जीवनद्रव्य होय. ते गळत असल्यामुळे यंत्र जिवाच्या आकांताने ते गोळा करीत राहिले आणि अखेर थकून २०१९ साली 'मरण पावले', अशी ती कथा. ती वाचून लोक रडले. वस्तुतः हा हात विजेवर चालत असे व त्या रंगीत द्रवाची त्यास काहीही आवश्यकता नव्हती. कथा खोटी होती, अश्रू मात्र खरे होते. समीक्षेपुढील प्रश्न येथून सुरू होतो.

यंत्रास भावना नाहीत, म्हणून त्याविषयीची करुणा मिथ्या होय, असे म्हणणे सोपे आहे. परंतु ते पुरेसे नाही. नटाच्या ठिकाणी शोक नसतानाही प्रेक्षकास करुणरसाचा आस्वाद घेता येतो, हे अभिनवगुप्ताच्या विवेचनापासून आपल्याकडे मान्य झालेले आहे. रस सहृदयाच्या ठिकाणी असतो. अनुभाव दाखविणाऱ्याच्या ठिकाणी तो असलाच पाहिजे असे नाही. तेव्हा यांत्रिक हाताची थरथर हा अनुभाव मानण्यास तत्त्वतः अडचण नाही. खरी अडचण दुसरी आहे. नट हा कोणाची तरी भूमिका करीत असतो. त्याच्या पलीकडे राम किंवा दुष्यंत उभा असतो. या यंत्राच्या पलीकडे कोण उभे आहे?

या प्रश्नाचे उत्तर कृतीचे शीर्षक मुद्दाम अर्धवट ठेवते. इंग्रजी शीर्षकात कर्ता नाही. 'मायसेल्फ' या आत्मवाचक सर्वनामावरून कोणी 'मी' बोलत आहे एवढेच कळते. त्याचे दोन अर्थ संभवतात : 'मला राहवत नाही' आणि 'माझे मलाच साहाय्य करता येत नाही'. मराठीत हे दोन्ही अर्थ एका वाक्यात बसत नाहीत. 'राहवत नाही' या शक्य क्रियापदास ऊर्मी असलेला व ती आवरण्यात अपयशी ठरलेला अनुभविता लागतो. यंत्रास ऊर्मीही नाही आणि संयमही नाही. म्हणजे शीर्षक हे वक्त्याविना उच्चारलेले वाक्य आहे. ती रिकामी जागा प्रेक्षक भरून काढतो, आणि बहुतेक प्रेक्षकांनी तेथे यंत्रालाच बसविले.

याच्याशी नॉर्मन व्हाइट या कॅनेडियन कलावंताच्या 'द हेल्पलेस रोबो' (१९८७) या कृतीची तुलना उद्बोधक ठरेल. ते यंत्र जवळून जाणाऱ्यास कृत्रिम आवाजात आपणास फिरविण्याची विनवणी करते आणि माणूस ऐकू लागला की उत्तरोत्तर हुकूम सोडू लागते. तेथे यंत्राची भाषाच प्रेक्षकाच्या दयेची परीक्षा घेते व तिचा फुगा फोडते. सुन व पेंग यांचे यंत्र मुके आहे. त्यामुळे त्याच्या मुखी कोणतीही कथा घालता येते व ती खोडून काढण्याचे साधन त्याच्यापाशी नाही.

तथापि कृतीतच एक निर्देश स्पष्ट आहे. हात जे करतो ते राखणीचे काम आहे : आखलेल्या रेषेबाहेर काही जाऊ न देणे. गुगेनहाइमच्या विवरणातही सीमाप्रदेशांवरील पाळत व तीतून उद्भवणारी हिंसा यांचा उल्लेख आहे. प्रत्यक्ष दालनात शिंतोड्यांचा बीभत्स आणि अजस्र हाताचे भय हे करुणेच्या बरोबरीने उभे असतात. 'हे रक्त कोणाचे?' हा प्रश्न टाळता येत नाही. काही क्षणांच्या चित्रफितीत मात्र बीभत्स व भयानक गळून पडतात आणि एकटी करुणा उरते. ती रक्ताकडे न जाता रक्त पुसणाऱ्या अवजाराकडे जाते.

हा केवळ रसास्वादातील दोष नव्हे. पहारेकऱ्याच्या थकव्याने हेलावणारे मन सीमेवर अडविलेल्या माणसास विसरू शकते, एवढे या कृतीच्या लोकप्रियतेने दाखवून दिले. अर्थात हालचालींस मानवी नावे देऊन कलावंतांनीच या विपर्यासास वाट करून दिली, हेही नमूद केले पाहिजे. परंतु या करुणेचा सर्वस्वी अव्हेर करण्याचे कारण नाही. यंत्रातून पार होऊन ती वेठीला धरलेल्या व अडविलेल्या माणसापर्यंत पोहोचली, तर तिला तिचे योग्य आलंबन लाभते. यंत्रापाशीच थबकली, तर ती रसाभासाच्या पलीकडे जात नाही.