लोंबत्या नाडीचा प्रश्न

भालकीकडच्या एका महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात ‘रेट्रो डे’ पाहिला आणि तेव्हापासून माझं डोकं फिरलंय. पोरं बेलबॉटममध्ये, पोरी ठिपक्यांच्या साड्यांत, केसांचे फुगे काढून. कपडे भाड्यानं आणलेले. दोघे लक्ष्या, एक अशोक सराफ, उरलेले सगळे राजेश खन्ना. अख्ख्या मांडवात ढगळ अर्धी चड्डी आणि गुडघ्यापर्यंत लोंबणारी नाडी एकाचीही नव्हती.

आमच्या लहानपणी जत्रेत तंबू लागला की पडद्यावर त्याच चड्डीतले दादा कोंडके. ‘सोंगाड्या’ १९७१ चा. पुढे नऊ चित्रपटांच्या रौप्यमहोत्सवांनी या माणसाचं नाव गिनीज बुकात गेलं. १९५६ साली आमचा बीदर जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला, शाळा हळूहळू कन्नड झाल्या, तरी तंबूतलं हसू मराठीच राहिलं. ते या पोरांच्या रेट्रोत का नाही? कारण हा भूतकाळ त्यांना आजोबांनी दिलेलाच नाही. तो मोबाईलमधून आला, मुंबई-पुण्याच्या रीळवाल्यांनी निवडून, धुऊन, इस्त्री करून दिलेला.

‘अशी ही बनवाबनवी’चंच पाहा. १९८८ चा हा चित्रपट मलाही आवडतो. पण पोरांना त्यातली दहा वाक्यं पाठ असतात आणि गोष्ट माहीत नसते. पुण्यात भाड्याची खोली मिळेना म्हणून दोन पुरुष लुगडी नेसतात, हे त्या विनोदाचं मूळ. आज आमच्या बसवकल्याणचा पोरगा हिंजवडीत नोकरीला लागला की पहिले तीन महिने खोलीच्या डिपॉझिटपायी रडतो. हा चित्रपट त्याचाच आहे. पण रीळमध्ये पंच उरला, खोली गळाली. ज्याला तो सगळ्यांत जास्त लागू, त्याच्यापर्यंत फक्त मिशा काढलेला माणूस पोचला.

‘झपाटलेला २’, ‘नवरा माझा नवसाचा २’ वगैरे दुसऱ्या भागांबद्दल एवढंच म्हणतो: वर्षश्राद्धाच्या जेवणात मीठ कमी-जास्त बघू नये. कराओके मंडळांत पेन्शनर मंडळी संध्याकाळी रफी होतात. त्यांना होऊ द्यावं.

आता खऱ्या कामाकडे येतो. गावातल्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानामागे एकोणीस वर्षांचा एक पोरगा डीजेसाठी गाणी बांधतो. शिक्षण कन्नड माध्यमात, बोलणं मराठी, फायलींची नावं इंग्रजी अक्षरांत. त्यानं मला प्रल्हाद शिंद्यांचं एक जुनं गाणं ऐकवलं. आधी चार मात्रा नुसती हलगी. मग तो आवाज, कॅसेटच्या खरखरीसकट. मूळचा कीबोर्ड जवळजवळ पुसलेला, खाली हलगीचा ठेका चढत चाललेला, आणि दुसऱ्या कडव्याआधी उत्तर कर्नाटकातल्या जानपद गाण्याचा एक तुकडा असा अलगद शिरतो की दोन भाषा एकाच बैलगाडीत बसल्यासारख्या वाटतात. मी विचारलं, खरखर काढत का नाहीस? म्हणाला, “काढली तर आवाजाची धार बी जाती, सर.” रीमिक्सवर मोठमोठे लेख वाचलेत, हे एक वाक्य त्या सगळ्यांना पुरून उरतं. प्रल्हाद शिंदे २००४ साली गेले, लोकशाहीर वामनदादा कर्डकही त्याच वर्षी. हा पोरगा त्यानंतर जन्मला. त्याला त्या काळाचा उमाळा नाही. त्याला उद्याच्या वरातीची चिंता आहे. म्हणून तो गाणं नीट ऐकतो, कुठे श्वास घेतलाय ते मोजतो.

त्याचे डीजे कानठळ्या बसवतात, मान्य. पण डीजेच्या नावानं बोटं मोडणारे आमचे सुशिक्षित लोकच ‘तरुणांना जुन्याची जाण नाही’ म्हणून गळा काढतात, तेव्हा मला राहवत नाही. कोणतं जुनं, महाराज? १४ एप्रिलला, आंबेडकर जयंतीला, आळंदपासून औरादपर्यंत वस्तीवस्तीत वामनदादांची गाणी वाजतात. ‘सुवर्णकाळा’चे जेवढे कार्यक्रम मी पाहिले, त्यांपैकी एकातही त्यातलं एक गाणं नव्हतं. आनंद शिंद्यांच्या पोपटाच्या गाण्यानं ऐंशीच्या दशकात सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरचे ट्रक आणि ढाबे दणाणून सोडले. तो पोपट कुणाच्या आठवणींच्या यादीत बसला? कोंडके चावट म्हणून बाहेर, शिंदे आणि कर्डक कोणत्या वस्तीचे म्हणून बाहेर. आठवणींनाही सोवळं असतं, आणि ते सोवळं नेसलेली यादी आपण सीमेवरच्या पोरांच्या हातात ‘तुमचा भूतकाळ’ म्हणून ठेवतो. पोरांचा दोष यात कमी. त्यांनी भाड्याचे कपडे आणले. आपण भाड्याच्या आठवणी दिल्या.

त्या संध्याकाळी निवेदिकेनं जाहीर केलं, रेट्रो संपलं, आता डीजे. पहिलंच गाणं शिंद्यांचं लागलं. राजेश खन्नांनी कोट फेकले, ठिपक्यांच्या साड्यांनी पदर खोचले, एकेकाला शब्द न् शब्द येत होता. मी शेजारच्या पोराला ओरडून म्हटलं, अरे, खरं जुनं हे आहे! तो नाचता नाचता म्हणाला, “ह्ये जुनं कुठंय, सर? रोजच वाजतंय की.”

शिंद्यांपुरतं तो माझ्यापुढे गेला होता. जे गेलंच नाही, त्याचा पोशाख कोण चढवील? उरले दादा. त्यांना ना कुणी वाजवतं, ना कुणी नेसतं. त्यांच्यासाठी मी गावातल्या शिंप्याकडे पट्ट्यापट्ट्यांचं कापड दिलंय. पुढच्या वर्षी बोलावणं आलं तर मीच घालून जाईन. नाडी हातभर जास्त ठेवायला सांगितलीय.