‘द नेकेड गन’ : स्मरणरंजन आणि त्याची मर्यादा

‘पोलीस स्क्वॉड!’ (१९८२) ही अवघ्या सहा भागांची अमेरिकन मालिका आणि तिच्यातून १९८८ ते १९९४ या काळात निर्माण झालेले ‘द नेकेड गन’ मालेतील तीन चित्रपट लेस्ली नील्सन यांच्या निर्विकार मुद्रेवर उभे होते. आपण विनोद करीत आहोत, याचा मागमूसही ते चेहऱ्यावर उमटू देत नसत. अकिवा शॅफर दिग्दर्शित उत्तरभागात (२०२५) फ्रँक ड्रेबिनच्या मुलाची भूमिका करणारे लियाम नीसन नील्सन यांची नक्कल करीत नाहीत. गंभीर नटाकडून थिल्लरपणा करवून घेण्याची रीत तेवढी पुढे चालवतात. जुन्या प्रेक्षकाला ओळखीचा आनंद मिळतो तो यातून.

या आनंदाची खरी कसोटी मात्र पोलीस ठाण्यातील प्रसंगात लागते. दिवंगत पित्यांच्या स्मृतिफलकांसमोर मुले भावविवश झालेली असतात. नॉर्डबर्गचा मुलगा तेवढा प्रेक्षकांकडे पाहून नकारार्थी मान हलवतो. मूळ चित्रपटांत नॉर्डबर्ग साकारणारे ओ. जे. सिम्पसन १९९५ मध्ये दुहेरी खुनाच्या आरोपातून निर्दोष सुटले होते. १९९७ च्या दिवाणी निकालात मात्र ते त्याच मृत्यूंना जबाबदार ठरले. स्मरणरंजन सहसा अशा आठवणी वगळून टाकते. येथे ती वगळलेली नाही, पण तिला क्षणभरापेक्षा अधिक अवकाशही दिलेला नाही. प्रेक्षक हसतो आणि कथानक लगेच पुढे सरकते.